तेहतीस डावांचं गाव

दलदल बुजवून तिथे क्रीडांगण बांधायचं एखाद्या महापौराने मनावर घेतलं, की पुढची गोष्ट सगळ्या देशांत साधारण सारखीच घडते. खर्चाचा अंदाज चुकतो, विरोधक हिशेब मागतात, गावातली माणसं चेष्टेने त्या जागेला महापौरांचंच नाव देऊन टाकतात आणि काही वर्षांनी तेच नाव अधिकृतपणे पाटीवर चढतं. अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या ऱ्होड आयलंड राज्यात, पॉटकेट नावाच्या पाऊण लाख वस्तीच्या गावात नेमकं असंच झालं. महापौर होते टॉमस मॅकॉय. जागा होती हॅमंड्स पाँड, म्हणजे एक दलदलीचा तलाव. महामंदीच्या काळात बेकारांच्या हाताला काम मिळावं म्हणून रूझवेल्ट सरकारने काढलेल्या योजनेतून पैसा आला. आणलेली अवजड यंत्रं चिखलाने गिळली ती परत दिसलीच नाहीत, अशी दंतकथा गावात अजून सांगतात. १९४० मध्ये कोनशिला बसली, १९४२ मध्ये मैदान उघडलं आणि खर्च दहा लाख डॉलरच्या वर गेला. लोक त्याला ‘मॅकॉयचा मूर्खपणा’ म्हणत. १९४५ मध्ये महापौर वारले आणि पुढच्या वर्षी मैदानाचं नाव ठरलं : मॅकॉय स्टेडियम.

या मैदानात पन्नास वर्षं एक बेसबॉल संघ खेळला. तो कधीही अमेरिकेतला पहिल्या दर्जाचा संघ नव्हता, होणार नव्हता, आणि त्याने तसं व्हावं अशी व्यवस्थेची अपेक्षाही नव्हती. पॉटकेट रेड सॉक्स हे त्याचं पूर्ण नाव, लाडाने ‘पॉसॉक्स’. संघ त्याच नावाचा राहिला असता तर मी त्याच्यावर लिहायला बसलो असतो की नाही, सांगता येत नाही. तो २०२० मध्ये गाव सोडून गेला, आणि गेल्यावर एक प्रश्न मागे ठेवून गेला. ज्या संघातले खेळाडू दुसऱ्याच्या मालकीचे आणि संघ तिसऱ्याच्या मालकीचा, त्या संघात गावाचं असं नक्की काय होतं?

हे कळायला आधी गाव कळलं पाहिजे. सॅम्युएल स्लेटर नावाचा एक इंग्रज तरुण १७८९ मध्ये अमेरिकेत उतरला. कापूस कातायच्या यंत्रांचे आराखडे इंग्लंडबाहेर नेणं हा तेव्हा गुन्हा होता. कारागिरांना देश सोडायलाही बंदी होती. स्लेटरने कागद नेलेच नाहीत, सगळं डोक्यात नेलं. ब्लॅकस्टोन नदीच्या धबधब्यापाशी, पॉटकेटला, त्याने आठवणीतून यंत्रं उभी केली आणि १७९३ मध्ये तिथे गिरणी बांधली. अमेरिकेच्या औद्योगिक क्रांतीचा जन्म इथला, असं तिथली शालेय पुस्तकं सांगतात. इंग्लंडमधल्या त्याच्या मूळ गावात मात्र त्याला गद्दार म्हणत. पुढे सव्वाशे वर्षं या नदीकाठाने सूत कातलं. मग विसाव्या शतकात गिरण्या दक्षिणेकडच्या राज्यांत निघाल्या. तिथे मजुरी कमी होती, कामगार संघटना दुबळ्या होत्या आणि कापूस दाराशी होता. मागे राहिल्या लाल विटांच्या ओसाड इमारती. गिरणगाव पाहिलेल्या वाचकाला यापुढचं वर्णन करून सांगायला नको.

मॅकॉय स्टेडियममध्ये १९४६ पासून चार मोसम खेळलेल्या पहिल्या व्यावसायिक संघाचं नावच मुळी ‘स्लेटर्स’ होतं. तो संघ ज्या लीगमध्ये खेळत होता ती १९४९ मध्ये बंद पडली. मैदान सोळा मोसम व्यावसायिक संघाविना पडून राहिलं. १९६६ मध्ये क्लीव्हलंडचा एक दुय्यम संघ दोन वर्षं येऊन गेला, आणि १९७० मध्ये बोस्टन रेड सॉक्सने आपला एक संघ इथे पाठवला. बोस्टन इथून जेमतेम पासष्ट किलोमीटर.

‘आपला एक संघ पाठवला’ याचा अर्थ सांगायला हवा, कारण आपल्याकडे या व्यवस्थेला जोड नाही. बोस्टन, न्यूयॉर्क, शिकागो वगैरेंचे मोठे संघ मेजर लीगमध्ये खेळतात. त्यांच्या खाली शिडी असते : रुकी, ए, डबल-ए आणि सर्वांत वर ट्रिपल-ए. या पायऱ्यांवरचे संघ लहान गावांत असतात आणि प्रत्येक संघ एकेका मोठ्या संघाशी बांधलेला असतो. सेंट लुईस कार्डिनल्सच्या ब्रँच रिकी या चाणाक्ष व्यवस्थापकाने १९२० च्या दशकात ही पद्धत बसवली. तयार खेळाडू बाजारभावाने विकत घेण्यापेक्षा स्वतःच्या शेतात पिकवायचे, हा त्यामागचा हिशेब; म्हणून या संघांना आजही ‘फार्म टीम’ म्हणतात. खेळाडूंचा करार मोठ्या संघाशी, पगार मोठ्या संघाचा, प्रशिक्षकही त्यांनीच नेमलेला. गावातल्या मालकाकडे काय उरतं? मैदान, तिकिटं, पॉपकॉर्न, बिअर आणि पावसाची काळजी. त्यामुळे गावातला लाडका बॅटर जोरात खेळायला लागला, की गावकऱ्यांनी आनंदाबरोबर निरोपाचीही तयारी ठेवायची. ऐन अंतिम सामन्याच्या आदल्या दिवशी बोस्टनचा फोन आला तर तो पोरगा बॅग भरून निघणार. संघ जिंकला की हरला, याचं बोस्टनला सोयरसुतक नसतं. त्यांना पीक हवं असतं.

आपल्याकडच्या काही वाचकांनी ही शिडी ‘मिलियन डॉलर आर्म’ या चित्रपटात ओझरती पाहिली असेल. २००८ मधल्या एका स्पर्धेतून निवडलेले उत्तर प्रदेशातले दोन भालाफेकपटू, रिंकू सिंग आणि दिनेश पटेल, पिट्सबर्ग पायरेट्सच्या करारावर गेले ते या शिडीच्या अगदी तळाच्या पायरीवर. चित्रपट करार मिळतो तिथे संपतो. शिडी चढायचं काम त्यानंतर सुरू होतं, आणि ते दोघेही वरपर्यंत पोचले नाहीत. बहुसंख्य पोचतच नाहीत.

पॉटकेटला १९७३ मध्ये ट्रिपल-ए दर्जा मिळाला आणि त्याच वर्षी संघाने आपल्या लीगचं अजिंक्यपद पटकावलं. जिम राइस, फ्रेड लिन यांच्यासारखे पुढे बोस्टन गाजवणारे खेळाडू या काळात इथून गेले. पण तिकीटबारीवर शुकशुकाट. मालक बदलले, १९७६ मध्ये संघाचं नाव बदलून राज्याचं लावून पाहिलं, त्यानेही काही झालं नाही आणि संघ दिवाळखोरीत निघाला. स्टेडियम गळकं, आसनं मोडकी, देणेकऱ्यांची रांग. अशा वेळी चेट निकल्स नावाचा एक माजी पिचर (गोलंदाज), जो तेव्हा बँकेत नोकरीला होता, बेन माँडॉर या निवृत्त उद्योगपतीच्या मागे लागला : तू हा संघ घे.

माँडॉरचा जन्म कॅनडातल्या क्वेबेकमधला, वाढलेला पॉटकेटच्या वरच्या अंगाला वूनसॉकेट या दुसऱ्या गिरणीगावात. आयुष्यभर त्याचा धंदा होता बुडालेल्या कापडगिरण्या विकत घेऊन सावरण्याचा. बेसबॉलमधलं त्याला विशेष काही कळत नव्हतं, बुडीत मालमत्तेतलं मात्र चांगलं कळत होतं. १९७७ मध्ये त्याने संघ घेतला. त्या वर्षी संघ गुणतक्त्यात पहिला आला, आणि अख्ख्या मोसमात प्रेक्षक आले सुमारे ७०,०००; म्हणजे सामन्यामागे हजाराच्या आसपास. अव्वल संघाला हजार प्रेक्षक ही कुणालाही खचवणारी गोष्ट आहे. माँडॉरने मात्र खेळाकडे लक्षच दिलं नाही, कारण खेळ त्याच्या हातात नव्हताच. त्याने झाडलोट केली, स्वच्छतागृहं दुरुस्त केली, दारूच्या नशेत दंगा करणाऱ्यांना बाहेर काढलं, तिकीट स्वस्त ठेवलं आणि गाड्या लावायचे पैसे घेतले नाहीत. माइक टॅम्बुरो हा तरुण व्यवस्थापक त्याने हाताशी धरला. गिरणीत काम करणाऱ्या माणसाला चार जणांचं कुटुंब घेऊन संध्याकाळी येता आलं पाहिजे, एवढं एकच सूत्र. मला हा माणूस आवडतो, कारण आपल्या हातात काय आहे आणि काय नाही हे त्याला पहिल्या दिवसापासून कळलेलं होतं.

मॅकॉय स्टेडियमची एक गंमत तिथल्या बांधकामातून आलेली. खेळाडू बसतात तो डगआउट बहुतेक मैदानांत प्रेक्षकांच्या शेजारी असतो. इथे तो थेट प्रेक्षकांच्या पायाखाली, जमिनीच्या पातळीवर. पहिल्या रांगेपासून खेळाडू दहाएक फूट खाली. मग सही मागायची कशी? पोरांनी तोड काढली. दुधाचा प्लॅस्टिकचा कॅन बाजूने कापायचा, आत चेंडू आणि पेन ठेवायचं, दोरी बांधून कठड्यावरून खाली सोडायचं आणि गळाला मासा लागायची वाट पाहायची. खालून खेळाडू सही करून दोरीला हिसका देणार. या प्रकाराला ‘फिशिंग’च म्हणत. उद्याचा तारा कोण हे कुणालाच ठाऊक नसल्याने पोरं सगळ्यांच्याच सह्या घेत. त्यातल्या बऱ्याच सह्या आज कुणाला ओळखूही येत नसतील.

आणि आता त्या रात्रीकडे यायला हरकत नाही, जिच्यामुळे पॉटकेटचं नाव बेसबॉलच्या इतिहासात आलं.

बेसबॉलमध्ये नऊ डाव असतात. प्रत्येक डावात दोन्ही संघ एकेकदा बॅटिंग करतात आणि तीन बाद झाले की पाळी बदलते. बॅटर एकेक बेस ओलांडत पुन्हा ‘घरी’ पोचला की एक धाव. नऊ डावांनंतर बरोबरी असेल तर दहावा, अकरावा, असे कुणीतरी पुढे जाईपर्यंत खेळत राहायचं. अनिर्णित हा शब्दच या खेळाला मान्य नाही.

शनिवार, १८ एप्रिल १९८१. दुसऱ्या दिवशी ईस्टर. पाहुणा संघ न्यूयॉर्क राज्यातला रॉचेस्टर रेड विंग्ज, बाल्टिमोर ओरिओल्सची ट्रिपल-ए शाखा. मैदानावरचे काही दिवे लागेनात, म्हणून सामना सुमारे अर्धा तास उशिरा सुरू झाला. प्रेक्षक १,७४०. एप्रिल असला तरी थंडी कडाक्याची आणि वारा मैदानाच्या आत वाहणारा, म्हणजे उंच उडवलेला प्रत्येक चेंडू परत आणून क्षेत्ररक्षकाच्या हातात देणारा. रॉचेस्टरने सातव्या डावात एक धाव केली. पॉटकेटने नवव्याच्या शेवटी ती फेडली. एक-एक.

त्यानंतर अकरा डाव कुणीच धाव केली नाही. एकविसाव्यात रॉचेस्टरचा कॅचर डेव्ह हपर्ट याच्या फटक्यावर एक धाव आली आणि थिजलेल्या प्रेक्षकांनी सुटकेचा श्वास घेतला. पण त्याच डावाच्या उत्तरार्धात पॉटकेटच्या वेड बॉग्जने चेंडू असा मारला की पुन्हा बरोबरी, दोन-दोन. आपल्याच माणसाने बरोबरी साधल्याबद्दल आपल्याच संघाने मनातल्या मनात शिव्या घातल्याचं हे दुर्मीळ उदाहरण असावं. पुढच्या डावात पॉटकेटचे प्रशिक्षक ज्यो मॉर्गन यांनी पंचांशी हुज्जत घातली आणि त्यांना मैदानाबाहेर काढण्यात आलं. त्या थंडीत ही शिक्षा होती की बक्षीस, कोण जाणे. पण मॉर्गन घरी गेले नाहीत, आडोशाने सामना बघत थांबले.

लीगचा नियम होता : रात्री बारा वाजून पन्नास मिनिटांनंतर नवा डाव सुरू करायचा नाही. मात्र त्या वर्षी पंचांना दिलेल्या पुस्तिकेतून हा नियम छापायचाच राहून गेला होता. पॉटकेटच्या लोकांनी नियम सांगितला, पंचांनी पुस्तिका उघडून दाखवली. पुस्तिकेत नाही, म्हणजे नाही. टॅम्बुरो लीगचे अध्यक्ष हॅरोल्ड कूपर यांना ओहायोत फोन लावत राहिले, फोन कुणी उचलेना. दरम्यान सव्विसाव्या डावात पॉटकेटच्या सॅम बोवेनने चेंडू कुंपणापार धाडल्यासारखा मारला, आणि वाऱ्याने तो परत आणला. खेळाडूंनी मोडक्या बॅटी आणि हाताला लागेल ते लाकूड पिंपात घालून शेकोट्या पेटवल्या. जिम अम्बर्गरने रॉचेस्टरकडून तेविसाव्या डावापासून पुढे सलग दहा डाव गोलंदाजी केली आणि एकही धाव दिली नाही. एका पिचरची पूर्ण सामन्याची कामगिरी, तीही दोन सामन्यांहून जास्त डाव उलटून गेल्यावर सुरू केलेली. हपर्ट एकतीस डाव उकिडवा बसला. बेसबॉल पाहिलेला नसेल तर कॅचरच्या गुडघ्यांची कल्पना येण्यासाठी पाच मिनिटं उकिडवं बसून पाहावं. रॉचेस्टरचा डॅलस विल्यम्स तेरा वेळा बॅटिंगला आला आणि तेराही वेळा रिकाम्या हाताने परतला.

पॉटकेटचा पिचर लुईस अपाँटे याचं काम दहाव्या डावातच संपलं होतं. सामना संपायच्या आधी त्याला घरी सोडलं, तेव्हा पहाट व्हायला आली होती. सामना चालू होता हे कारण त्याच्या बायकोला अजिबात पटलं नाही, ही हकिगत तो पुढे अनेकांना सांगत असे. सकाळच्या वर्तमानपत्रात निकाल नव्हता, त्यामुळे पुरावाही नव्हता.

अखेर अध्यक्षांशी फोन जुळला. एवढ्या पहाटे सामना चालू आहे, यावर त्यांचा विश्वास बसायला थोडा वेळ गेला असणार. पण आदेश स्पष्ट होता, चालू डाव संपवा आणि थांबवा. तो बत्तिसावा डाव. त्यातही रॉचेस्टरचा एक धावपटू दुसऱ्या बेसवरून घरापर्यंत आलाच होता, बोवेनच्या फेकीने तो बाद झाला. पहाटे चार वाजून सात मिनिटांनी दोन-दोन या धावसंख्येवर खेळ थांबला. स्टेडियममध्ये एकोणीस प्रेक्षक उरले होते. माँडॉरने त्यांना मोसमभराचे पास देऊन टाकले. खेळाडू बाहेर पडले तेव्हा ईस्टरच्या पहाटेच्या प्रार्थनेला निघालेली माणसं रस्त्यावर दिसत होती. आणि याच दोन संघांना त्याच दिवशी दुपारी पुन्हा एकमेकांशी खेळायचं होतं.

या रात्रीबद्दल लिहिताना अमेरिकन लेखक हळवे होतात; खेळावरचं निरपेक्ष प्रेम वगैरे. मला ते पूर्ण पटत नाही. ती माणसं थांबली नाहीत कारण थांबायचा अधिकार त्यांच्यातल्या कुणालाच नव्हता. पंचांना पुस्तिकेबाहेर जाता येत नव्हतं, प्रशिक्षकांना पंचांबाहेर, आणि शिडीवर उभ्या असलेल्या पंचविशीतल्या पोरांना तर कुणाच्याच बाहेर जाता येत नव्हतं. ‘मी दमलो’ असं म्हणणारा खेळाडू बोस्टनला कोणत्या तोंडाने फोनची अपेक्षा करणार? निकालाची वरच्यांना फिकीर नाही, तरीही खालच्यांनी जिवाच्या आकांताने खेळायचं, ही मायनर लीगची रोजचीच अवस्था. त्या रात्री ती बत्तीस डाव लांबली, एवढंच.

उरलेला खेळ रॉचेस्टरच्या पुढच्या दौऱ्यात, २३ जूनला ठेवला. मध्यंतरी नशिबाने हात दिला. १२ जूनपासून मेजर लीगच्या खेळाडूंचा संप सुरू झाला, देशभरातली मोठी मैदानं बंद पडली आणि लिहायला विषय नसलेले सगळे क्रीडापत्रकार पॉटकेटला धावले. एप्रिलमध्ये एकोणीस माणसं उरलेल्या सामन्याला जूनमध्ये ५,७४६ जण आले. खेळ चालला अठरा मिनिटं. बॉब ओहेडाने रॉचेस्टरला रोखलं. मग पॉटकेटचा मार्टी बॅरेट चेंडू अंगावर लागून पहिल्या बेसवर गेला, चिको वॉकरने फटका मारला, तिसऱ्याला मुद्दाम मारता न येणारे चेंडू टाकून पहिल्या बेसवर चालत जाऊ दिलं, आणि सगळे बेस भरलेले असताना डेव्ह कोझाने डावीकडे एक साधा, नीटस फटका मारला. बॅरेट घरी आला. तीन-दोन. तेहतीस डाव, एकूण आठ तास पंचवीस मिनिटं. व्यावसायिक बेसबॉलमधला सर्वांत लांबलेला सामना हा विक्रम आजही याच सामन्याच्या नावावर आहे, आणि आता मायनर लीगमध्ये दहाव्या डावापासून दुसऱ्या बेसवर एक खेळाडू आयताच उभा करतात, त्यामुळे तो मोडण्याची शक्यताही राहिलेली नाही.

त्या सामन्याचा धावफलक पाहताना एक गोष्ट चटकन डोळ्यांत भरते. दोन्ही संघांचे तिसऱ्या बेसवरचे खेळाडू पुढे हॉल ऑफ फेममध्ये गेले. पॉटकेटचा बॉग्ज, बारा वेळांत चार फटके. रॉचेस्टरचा कॅल रिपकेन, तेरा वेळांत दोन. रिपकेनने पुढच्याच वर्षी मे महिन्यात बाल्टिमोरसाठी एकही सामना न चुकवता खेळायला सुरुवात केली आणि तो क्रम २,६३२ सामने चालला. बॉग्जला मायनर लीगच्या पायऱ्यांवर वर्षानुवर्षं ताटकळावं लागलं होतं; फटक्यांत ताकद नाही असं बोस्टनचं मत होतं. १९८२ मध्ये बोलावणं आलं आणि नंतर तो पाच वेळा आपल्या लीगचा सर्वोत्तम सरासरीचा फलंदाज ठरला. १९८६ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे मेजर लीगच्या अंतिम मालिकेत, बोस्टनकडून बॉग्ज, बॅरेट, गेडमन, हर्स्ट आणि समोर न्यूयॉर्क मेट्सकडून ओहेडा, असे या सामन्यातले पाच जण होते. हुज्जतखोर मॉर्गन, जे हिवाळ्यात महामार्गावरचा बर्फ काढायच्या गाडीवर काम करून घर चालवत, १९८८ मध्ये अचानक बोस्टनचे प्रशिक्षक झाले आणि पहिले बारा सामने ओळीने जिंकले.

डेव्ह कोझा, ज्याच्या फटक्याने हे सगळं संपलं, तो मेजर लीगमध्ये एकही सामना खेळला नाही.

पुढची वीसेक वर्षं पॉटकेटची भरभराटीची. १९८२ च्या जुलैमध्ये मार्क फिड्रिच, सहा वर्षांपूर्वी देशाला वेड लावलेला आणि खांद्याच्या दुखण्याने संपलेला पिचर, पॉसॉक्सच्या गणवेशात पुनरागमनासाठी उतरला तेव्हा मैदानात मुंगीला शिरायला जागा नव्हती. १९९९ मध्ये स्टेडियमची डागडुजी करून दहा हजार आसनं झाली. २००५ मध्ये मोसमाचे प्रेक्षक ६,८८,४२१. माँडॉरच्या पहिल्या वर्षाच्या जवळपास दहापट. ज्या गावातून उद्योग निघून जात होते तिथे वर्षाला सात लाख माणसं संध्याकाळ घालवायला येत होती.

ऑक्टोबर २०१० मध्ये, पंच्याऐंशी वर्षांचा होऊन, माँडॉर गेला. पत्नी मॅडलीन यांनी काही वर्षं संघ सांभाळला आणि २०१५ मध्ये विकला. घेणाऱ्यांत बोस्टन रेड सॉक्सचे तेव्हाचे अध्यक्ष लॅरी लुकिनो होते. नव्या मालकांनी आल्याआल्या जाहीर केलं, की मॅकॉय जुनं झालं, आम्ही शेजारच्या प्रॉव्हिडन्स या राजधानीत नवं स्टेडियम बांधू आणि त्यासाठी सरकारने तीस वर्षांत मिळून सुमारे बारा कोटी डॉलर द्यावेत.

ऱ्होड आयलंडच्या करदात्यांचं पित्त खवळलं, आणि त्याला तसं कारण होतं. २०१० मध्ये राज्याने व्हिडिओ गेम बनवणाऱ्या एका कंपनीला साडेसात कोटी डॉलरच्या कर्जाची हमी दिली होती आणि ती कंपनी दोन वर्षांत बुडाली होती. कंपनीचा मालक कोण? कर्ट शिलिंग, बोस्टन रेड सॉक्सचा माजी पिचर. दुधाने तोंड पोळलेल्या राज्याकडे दुसऱ्यांदा तेच लाल मोजे पैसे मागायला आले होते. प्रॉव्हिडन्सचा बेत बारगळला. मग पॉटकेटमध्येच नव्या जागी ८.३ कोटी डॉलरचं स्टेडियम असा प्रस्ताव आला. साडेचार कोटी मालकांचे, २.३ कोटी राज्याचे, दीड कोटी गावाचे. सिनेटने तो मंजूर केला. प्रतिनिधी सभेने बदलून राज्याची हमी काढून घेतली, म्हणजे कर्ज महागलं. जून २०१८ मध्ये बदललेल्या कायद्यावर गव्हर्नरांची सही झाली आणि १७ ऑगस्टला मालकांनी जाहीर केलं : आम्ही मॅसॅच्युसेट्समधल्या वुस्टरला जातो.

वुस्टर हेसुद्धा जुनं कारखान्यांचं शहर, आणि ब्लॅकस्टोन नदीचा उगम तिथलाच. जिच्या धबधब्यावर स्लेटरची गिरणी चालली तिच्याच काठाने संघ वर सरकला. तिथे महापालिकेने कर्ज काढून पोलर पार्क बांधलं आणि त्याचा खर्च वाढत वाढत सोळा कोटी डॉलरच्या घरात गेला. महापौर मॅकॉय असते तर त्यांना हायसं वाटलं असतं. सार्वजनिक पैशाने बांधलेली स्टेडियमं गावाला क्वचितच पैसा परत देतात, हे अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ कंठशोष करून सांगतात; त्यांच्यातलं एक ठळक नाव, व्हिक्टर मॅथिसन, वुस्टरच्याच होली क्रॉस महाविद्यालयात शिकवतात. नव्या संघाने मानचिन्हासाठी हसरा पिवळा गोल चेहरा घेतला. तो काढणारे चित्रकार हार्वी बॉल वुस्टरचे होते.

पॉटकेटला निरोपाचा मोसम मिळायला हवा होता, तो २०२० चा. करोनाने सगळ्या मायनर लीगचा तो अख्खा मोसम रद्द झाला. त्या उन्हाळ्यात संघाने मैदानाच्या हिरवळीवर टेबलं मांडली आणि लोकांना कुटुंबासह जेवायला बोलावलं. जिथे कधी पाय ठेवायला मिळाला नव्हता तिथे बसून लोक हॉटडॉग खाऊन गेले.

त्याच हिवाळ्यात मेजर लीगने मायनर लीगची सूत्रं थेट आपल्या हाती घेतली आणि १६० संलग्न संघांचे १२० केले. कापलेल्यांत मॅसॅच्युसेट्समधल्या लोवेलचा संघ होता, बोस्टनचीच खालच्या पायरीवरची शाखा. लोवेल हे आणखी एक कापडगिरण्यांचं शहर, आणि संघाचं नाव ‘स्पिनर्स’, कातणारे. खेळाडूंच्या बाजूने मात्र एक चांगली गोष्ट घडली. २०२२ मध्ये मायनर लीगचे खेळाडू मेजर लीगच्या संघटनेत सामील झाले आणि २०२३ च्या पहिल्या सामूहिक कराराने ट्रिपल-एचं किमान वार्षिक वेतन १७,५०० वरून ३५,८०० डॉलरवर गेलं. त्या तेहतीस डावांत थंडीने कुडकुडणाऱ्या पोरांना कुठली संघटना नव्हती.

मॅकॉय स्टेडियम काही काळ करोना चाचण्यांचं केंद्र होतं. २०२२ च्या नोव्हेंबरात पॉटकेटच्या मतदारांनी ३३ कोटी डॉलरच्या कर्जरोख्यांना कौल दिला. गावातल्या दोन सरकारी माध्यमिक शाळा एकत्र करून त्याच जागी नवी शाळा बांधायची. २०२५ मध्ये स्टेडियम पाडायला घेतलं.

बेसबॉल गमावलेल्या याच गावात आता नदीकाठी दुसरं स्टेडियम उभं राहिलं आहे, फुटबॉलचं, तेही सरकारी पैशाचा हातभार घेऊनच. त्यावरून भांडणंही तितकीच झाली. २०२५ च्या मे महिन्यात ते खुलं झालं. ऱ्होड आयलंड एफसी हा तिथला संघ दुसऱ्या दर्जाच्या लीगमध्ये खेळतो, पण तो कुणाची शाखा नाही. खेळाडू कुणाला द्यायचा, किती पैशांना, हे क्लबच ठरवतो. स्टेडियम तयार व्हायच्या आधीच, २०२४ च्या पहिल्या मोसमात, हा संघ लीगच्या अंतिम सामन्यापर्यंत पोचला आणि कोलोरॅडो स्प्रिंग्जकडून तीन-शून्य असा सपशेल हरला.